४६ क्लास इंजिन घाटात अडतं आणि सपाटीवर सुसाट सुटतं: पॉवरचा आकडा वाढवण्याआधी हे तपासा

न्यू साउथ वेल्सचं ४६ क्लास इलेक्ट्रिक इंजिन ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरमध्ये चालवणाऱ्यांना एक अडचण पुन्हा पुन्हा येते. मागे पाचशे टनांची मालगाडी जोडून व्हॅली हाइट्सहून कटूम्बाकडे ब्लू माउंटन्सचा चढ धरला की काही जणांची चाकं निघतानाच जागेवर फिरतात. काही जणांची गाडी पहिली पंधरा-वीस मिनिटं व्यवस्थित चढते आणि मग वेग कणाकणाने उतरत थांबते. काहींचं इंजिन चढाला लागल्यावर नुसतं गुरगुरत उभं राहतं. मग इंजिनाच्या आकड्यांची फाइल उघडून पॉवर ३४०० अश्वशक्तीवरून ५००० केली जाते. घाटात काही फरक पडत नाही, मात्र पेनरिथच्या सपाटीवर तेच इंजिन एक तृतीयांश थ्रॉटलवर ताशी ११० किलोमीटर गाठतं.

घाटातली ही अडचण जवळजवळ कधीच पॉवरची नसते. ती ओढीची असते, रुळावरच्या पकडीची असते, किंवा रूटमधल्या, म्हणजे सिम्युलेटरसाठी बांधलेल्या मार्गातल्या, चढाचीच असते. पॉवरचा आकडा शेवटी बघायचा.

(फाइलमधल्या ओळींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती सलग रोमन अक्षरांत दिसतील.)

आधी खरं इंजिन समजून घ्या

४६ क्लासची ४० इंजिनं मेट्रोपॉलिटन-विकर्स आणि बायर पीकॉक यांनी मिळून इंग्लंडमध्ये बांधली आणि ती १९५६ ते १९५८ या काळात सिडनीकडे आली. सहा ॲक्सल, सहाही मोटरचे, वरून १५०० व्होल्ट डीसी. निरंतर क्षमता ३४०० अश्वशक्ती, एक तासासाठी ३७८०. वजन सुमारे ११० टन. पश्चिमेकडचा मार्ग लिथगोच्या पलीकडे बोवेनफेल्सपर्यंत विद्युतीकृत झाला तो १९५७ मध्ये. त्याआधी व्हॅली हाइट्सच्या शेडमधून वाफेचं जादा इंजिन जोडल्याशिवाय जड गाड्या वर जात नसत, कारण तिथून कटूम्बापर्यंतचा कडक चढ ३३ला १ आहे, म्हणजे ३३ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर.

कर्जत-लोणावळा ज्यांनी सिम्युलेटरमध्ये चालवलं आहे त्यांना हे जग ओळखीचं वाटेल. भोर घाटाचा चढ ३७ला १, तारेत एसी येण्याआधी तिथेही १५०० व्होल्ट डीसीच होतं, आणि जीआयपी रेल्वेच्या ज्या इंजिनाला आपल्याकडे 'खेकडा' म्हणत त्याची विजेची यंत्रणाही मेट्रोपॉलिटन-विकर्सचीच होती. त्यामुळे खाली सांगितलेलं बरंचसं आपल्या जुन्या डीसी इंजिनांच्या फाइलींनाही लागू पडतं.

आता गणित, कारण पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे. ३३ला १ चढावर प्रत्येक टनाला मागे खेचणारं गुरुत्वबल होतं ०.२९७ किलोन्यूटन. चाकांचं आणि बेअरिंगचं घर्षण टनामागे ०.०३ धरू. इंजिन ११० टन आणि गाडी ५०० टन, मिळून ६१०. म्हणजे नुसतं एका वेगाने चढत राहायला सुमारे २०० किलोन्यूटन ओढ लागते. ३४०० अश्वशक्ती म्हणजे २५३५ किलोवॉट. त्याला २०० ने भागलं की सेकंदाला १२.७ मीटर, ताशी साधारण ४५ किलोमीटर येतात.

म्हणजे या गाडीला या चढावर ताशी ४५ च्या खाली पॉवर अडवतच नाही. तिथे अडवते ती इंजिनाची कमाल ओढ आणि रुळाची पकड. तुमची गाडी ताशी १५ वर घुटमळत असेल तर ५००० काय, १०००० अश्वशक्ती लिहिली तरी ती घुटमळतच राहणार.

पहिली तपासणी: चढ खरंच ३३ला १ आहे का?

एफ५ दाबून माहितीचा पडदा उघडा आणि शिफ्ट-एफ५ ने पुढे जात बलांच्या पानावर या. तिथे प्रत्येक डब्यासमोर मोटिव्ह, ब्रेक, फ्रिक्शन, ग्रॅव्हिटी, कर्व्ह, टनेल असे रकाने असतात. शेवटाकडे ग्रेडियंट दिसतो. ३३ला १ म्हणजे ३.०३ टक्के. गाडी जिथे अडते तिथे हा आकडा ४ किंवा ५ दिसला तर इंजिनाच्या फाइलीला हातही लावू नका. दोष रूटचा आहे.

उपग्रहाच्या किंवा शटलच्या उंचीच्या नोंदींवरून रूट बांधले की हे हमखास होतं. त्या नोंदी जमिनीच्या ठोकळ्यांच्या असतात. डोंगरात कापलेली अरुंद खिंड त्यांना दिसत नाही, आणि दाट झाडी असेल तर झाडांचे शेंडेच जमीन म्हणून नोंदले जातात. ब्लू माउंटन्सचा लोहमार्ग वालुकाश्माच्या खिंडींमधून आणि युकॅलिप्टसच्या रानातून जातो. नोंदींच्या मागे मागे रूळ टाकत गेलं की संथ ३३ला १ च्या जागी २०ला १ चे छोटे छोटे गचके आणि मध्ये सपाट तुकडे तयार होतात. सरासरी बरोबर येते, म्हणून रूट बांधणाऱ्याला शंका येत नाही. पण लांब गाडीचा निम्मा भाग अशा गचक्यावर आला की इंजिन हरतं.

उपाय एकच. रूळ आधी जुन्या चढ-वळणांच्या आराखड्यांप्रमाणे टाकायचा आणि जमीन नंतर रुळाला जुळवून घ्यायची. व्हॅली हाइट्स सिडनीपासून सुमारे ७७ किलोमीटरवर, कटूम्बा ११० वर. कटूम्बा समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर. हे टप्पे आधी पक्के करा आणि मधला चढ आराखड्यातून भरा. सगळीकडे ३३ला १ टाकणंही चूक ठरेल, कारण पूर्ण अंतराची सरासरी त्यापेक्षा बरीच सौम्य आहे आणि इंजिनाला दम घ्यायला मिळतो तो तिथेच. एमू प्लेन्सच्या पुढे ग्लेनब्रुकच्या बाजूला १९१३ साली नवा वळसा काढून चढ ६०ला १ पर्यंत आणला होता. तिथेही गाडी अडत असेल तर रूटमध्ये जुनी आणि नवी मार्गरेषा एकमेकांत मिसळलेली असण्याची दाट शक्यता आहे. लिथगोकडून येताना १९१० चा दहा बोगद्यांचा मार्ग ९०ला १ चा आहे. त्याआधीचा झिगझॅग मार्ग ४२ला १ चा होता. तिथेही हाच घोळ होतो.

वळणांचा छुपा चढ

जुन्या आराखड्यांत वळणाची त्रिज्या चेनमध्ये लिहिलेली असते. एक चेन म्हणजे सुमारे २०.१ मीटर. आठ चेनचं वळण म्हणजे १६१ मीटर त्रिज्या, जवळजवळ ११ अंशांचं. भारतीय ब्रॉडगेजच्या नेहमीच्या हिशोबाने अंशाला ०.०४ टक्के धरलं तरी अशा वळणात ०.४३ टक्के चढाइतका जादा विरोध येतो. ३.०३ चे ३.४६ होतात, म्हणजे ३३ला १ चा २९ला १. आपल्या ६१० टनांच्या गाडीला २०० ऐवजी सुमारे २२५ किलोन्यूटन लागतात.

ओपन रेल्स हा विरोध स्वतः मोजतं आणि तो कर्व्हच्या रकान्यात दिसतो. गाडी दर वेळी ठरावीक वळणांतच मंदावत असेल आणि सरळ रुळावर सावरत असेल तर कारण हेच. प्रत्यक्ष मार्गावर काही ठिकाणी वळणात चढ मुद्दाम सौम्य केलेला असतो. आराखड्यात तो दिसत असेल तर रूटमध्येही तसाच घ्या. बोगद्यांचा विरोधही ओपन रेल्स मोजतं. रूटच्या टीआरके फाइलमध्ये बोगद्याचं क्षेत्रफळ अवाजवी लहान दिलं असेल तर दहा बोगद्यांच्या पट्ट्यात गाडी विनाकारण जड होते.

दुसरी तपासणी: तुम्ही बदललेला आकडा वाचला तरी जातो का?

"मॅक्सपॉवर बदललं, काहीच झालं नाही" ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. तिची दोन कारणं आहेत, दोन्ही साधी.

इंजिनाच्या फोल्डरमध्ये ओपन रेल्स नावाचं उपफोल्डर आहे का बघा. त्यात त्याच नावाची ईएनजी फाइल (इंजिनाच्या आकड्यांची फाइल) असेल तर सिम्युलेटर आधी ती वाचतो. तुम्ही बाहेरच्या मूळ फाइलमध्ये कितीही बदल केले तरी आतल्या फाइलने तेच आकडे पुन्हा दिलेले असतील तर आतलेच चालतात. बदल नेहमी आतल्या फाइलमध्ये करा. मूळ फाइल शाबूत राहते हा त्याचा आणखी एक फायदा.

दुसरं कारण: फाइलमध्ये ओआरटीएसमॅक्सट्रॅक्टिव्हफोर्सकर्व्ह्ज हा तक्ता असेल तर ओढ त्या तक्त्यातून घेतली जाते. मॅक्सपॉवर आणि मॅक्सफोर्स (कमाल ओढ) यांवरून ती मोजलीच जात नाही. तक्ता दुसऱ्या इंजिनाचा उचललेला असेल तर वर ४६ क्लासची अश्वशक्ती आणि खाली भलत्याच इंजिनाची ओढ, अशी मिसळ चाललेली असते.

तक्त्यातल्या एककांकडे नीट लक्ष द्या. वेग मीटर प्रति सेकंदात आणि ओढ न्यूटनमध्ये असते. ताशी किलोमीटरचे आकडे तसेच टाकले तर वक्र साडेतीन पटीहून जास्त ताणला जातो आणि इंजिन उच्च वेगातही सुरुवातीची पूर्ण ओढ देत राहतं. सपाटीवर सुसाट सुटणाऱ्या इंजिनांपैकी बऱ्याच जणांचं कारण इथेच सापडतं. वजनाचंही तसंच. १९५० च्या दशकातले ऑस्ट्रेलियन आकडे ब्रिटिश लाँग टनात असतात, एक लाँग टन १०१६ किलोचा. ओपन रेल्सला मेट्रिक टन, ब्रिटिश टन आणि अमेरिकन टन वेगवेगळे कळतात, पण योग्य एकक लिहिलं तरच. ओढ पौंडांत दिली असेल तर ४.४४८ ने गुणून न्यूटन काढा.

तिसरी तपासणी: चाकं फिरतायत की ओढच कमी आहे?

गाडी अडलेली असताना मोटिव्हचा, म्हणजे इंजिन देत असलेल्या ओढीचा, आकडा पाहा. तो २०० च्या आसपास किंवा वर असूनही चाकं फिरत असतील तर प्रश्न पकडीचा. तो १५० वरच अडकला असेल आणि चाकं शांत असतील तर तक्त्यात किंवा मॅक्सफोर्समध्ये ओढच कमी लिहिलेली आहे.

पकडीसाठी ओपन रेल्स कुर्टियस-क्निफलरचं सूत्र वापरतं. नेहमीचे आकडे घेतले तर ७.५ भागिले (ताशी वेग अधिक ४४), अधिक ०.१६१. उभ्या गाडीला ०.३३, ताशी ३४ ला ०.२६, ताशी ११२ ला ०.२१ च्या आसपास. ११० टनांच्या इंजिनाचं वजन म्हणजे १०७९ किलोन्यूटन. कोरड्या रुळावर निघताना सुमारे ३५७ किलोन्यूटनपर्यंत पकड मिळते, ताशी ३४ ला सुमारे २७७. आता फाइलमध्ये आधुनिक थ्री-फेज इंजिनाची ४०० किलोन्यूटन ओढ कॉपी केलेली असेल तर पूर्ण थ्रॉटलवर चाकं फिरणारच. नवी इंजिनं ती ओढ संगणकाच्या नियंत्रणावर सांभाळतात. ४६ क्लासकडे तसं काही नव्हतं, चालकाचा हात आणि वाळू एवढंच होतं.

माझ्या मते कमाल ओढ २७० किलोन्यूटन ठेवावी, म्हणजे वजनाच्या पाव हिश्शाइतकी. ती कोरड्या रुळावर सूत्राच्या मर्यादेत जेमतेम बसते आणि पावसात घसरते. पावसात ती घसरायलाच हवी. पाऊस लावून "इंजिन बिघडलं" म्हणू नका. भार कमी करा, किंवा दुसरं ४६ क्लास जोडा. ही इंजिनं एका चालकाच्या हाती जोडीने चालवता येत, आणि सिम्युलेटरही थ्रॉटल आपोआप दोन्हीकडे पोचवतो.

ड्राइव्हव्हीलवेटची, म्हणजे मोटरच्या चाकांवरच्या वजनाची, ओळ मात्र जरूर बघा. फाइल चार ॲक्सलच्या इंजिनावरून बनवलेली असेल तर तिथे ७०-८० टन राहून गेलेले असतात. इंजिन ११० टनांचं असूनही पकड ७० टनांची मिळते आणि ते कोरड्या दिवशीही घसरतं. सहाही ॲक्सल मोटरचे असल्यामुळे इथे पूर्ण वजन यायला हवं.

पंधरा मिनिटांनी मरणारी गाडी

हे लक्षण सर्वांत फसवं आहे, कारण चाचणी लहान असली तर ते दिसतच नाही. फाइलमधली मॅक्सकंटिन्युअसफोर्सची, म्हणजे निरंतर ओढीची, ओळ शोधा. मोटरी तापतात हे दाखवण्यासाठी ओपन रेल्स सरासरी ओढीचा हिशोब ठेवतं आणि त्या प्रमाणात ओढ कमी करत नेतं. त्याचं मूळ कालमान १८०० सेकंदांचं आहे, म्हणून परिणाम हळूहळू जाणवतो. मॅक्सफोर्स आणि निरंतर ओढ यांत जितकं अंतर जास्त तितकी घट मोठी. आणि ती घट गाडी निरंतर मर्यादेच्या खाली ओढत असतानाही लागते.

२७० कमाल आणि २०३ निरंतर, असे वरवर अगदी योग्य आकडे लिहिले तरी ताशी ४५ ने चढणारी आपली गाडी हळूहळू ताशी ३४ पर्यंत उतरते. आठ चेनच्या लांब वळणात तर ती थांबूही शकते. खऱ्या इंजिनावर असं होण्याचं कारण नाही. व्हॅली हाइट्स ते कटूम्बा ३३ किलोमीटर. ताशी ४५ ने पाऊण तासही लागत नाही. म्हणजे सगळी चढण इंजिनाच्या एक तासाच्या क्षमतेत बसते.

ही ओळ काढून टाका, किंवा निरंतर ओढ कमाल ओढीच्या अगदी जवळ आणा, आणि त्याच गाडीने पूर्ण चढण पुन्हा करा. वेग टिकला तर कारण सापडलं. टिकला नाही तर ब्रेकचं पान उघडून शेवटच्या डब्यांचे ब्रेक पूर्ण सुटलेत का ते पाहा. लांब मालगाडीत शेपटीकडचे ब्रेक अर्धवट लागलेले राहिले तरी लक्षण अगदी असंच दिसतं.

सपाटीवरचा सुसाटपणा: थ्रॉटल म्हणजे टक्केवारी नव्हे

जुनं डीसी इंजिन आणि आजचं इंजिन यांतला खरा फरक इथे आहे, आणि मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त आनंद देणारा भागही हाच.

तक्ता नसेल तर सिम्युलेटर थ्रॉटलला टक्केवारी समजतो. थ्रॉटल जितका कमी तितकी ओढ कमी, पण ती मिळत राहते सगळ्या वेगांना. मग सपाटीवर गाडी वेग घेतच राहते. १५०० व्होल्टच्या, सहा मोटरींच्या, रेझिस्टन्सने चालणाऱ्या इंजिनात गोष्ट वेगळी असते. या पिढीची नेहमीची मांडणी अशी: आधी सहाही मोटरी एका रांगेत (सीरिज), प्रत्येकीला २५० व्होल्ट. मग तीन-तीनच्या दोन रांगा, प्रत्येकीला ५००. शेवटी दोन-दोनच्या तीन रांगा, प्रत्येकीला ७५०. प्रत्येक टप्प्यात आधी रेझिस्टन्स असतात आणि नॉचगणिक (थ्रॉटलच्या एकेका खाचेगणिक) ते बाहेर काढले जातात. मोटर वेग घेऊ लागली की तिचा स्वतःचा उलटा दाब वाढतो, प्रवाह घटतो आणि ओढ वेगाने गळते. म्हणून सीरिजच्या शेवटच्या नॉचवर गाडी एका मर्यादित वेगाला स्थिरावते. थ्रॉटल तिथेच ठेवून कितीही वाट पाहिली तरी ती पुढे जात नाही.

तेवढ्याच प्रवाहाला ओढ तेवढीच मिळते आणि वेग व्होल्टेजच्या प्रमाणात येतो. हे एक तत्त्व धरलं की तीन वक्र घरच्या घरी काढता येतात. पूर्ण थ्रॉटलसाठी मी असे आकडे धरतो, वेग मीटर प्रति सेकंदात आणि ओढ किलोन्यूटनमध्ये. फाइलमध्ये टाकताना ओढीला हजाराने गुणा:

० – २७०
९.४ – २७०
१२.५ – २०३
१६.७ – १५२
२२.२ – ११४
३१.१ – ५८
४० – ०

ताशी ३४ पर्यंत पकडीची मर्यादा, तिथून ८० पर्यंत ३४०० अश्वशक्ती. पुढे मोटरचं चुंबकीय क्षेत्र (फील्ड) आणखी कमकुवत करायला जागा उरत नाही असं धरून ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे उतरवली आहे. मधल्या टप्प्यासाठी, म्हणजे ०.६६ थ्रॉटलला:

० – २७०
६.६ – २७०
८.३ – २०३
११.१ – ११४
१६.७ – ५१
२७.८ – १८

आणि सीरिजसाठी, ०.३३ ला:

० – २७०
३.३ – २७०
४.२ – २०३
५.६ – ११४
८.३ – ५१
१३.९ – १८

शून्य थ्रॉटलचा, सगळीकडे शून्य ओढीचा वक्रही द्यावा लागतो. नाहीतर पहिल्या नॉचच्या खालचं वागणं बिघडतं. निघताना गचका बसू नये म्हणून ०.१ ला पन्नास-साठ किलोन्यूटनपासून उतरणारा एक छोटा वक्र घाला. मधल्या नॉचांची ओढ सिम्युलेटर दोन वक्रांच्या मध्ये काढतो. ती खऱ्या रेझिस्टन्स नॉचसारखी तंतोतंत नसते, पण चालवताना हाताला फरक लगेच कळतो. याच ६१० टनांच्या गाडीने सपाटीवर सीरिजमध्ये ताशी ५० च्या आसपास स्थिरावायला हवं. तशी ती स्थिरावली की तक्ता बसला असं समजा. खरा चालक रेझिस्टन्सच्या नॉचवर रेंगाळत नसे, कारण तिथे वीज उष्णता होऊन वाया जाते आणि रेझिस्टन्स तापतात. सिम्युलेटर त्यासाठी शिक्षा करत नाही. तरी ०.३३, ०.६६ आणि १ याच जागांवर थांबायची सवय लावा. प्रवासाची लय एकदम १९५७ ची होते.

रूट युरोपातल्या साच्यावरून बनवला असेल तर टीआरके फाइलमध्ये मॅक्सलाइनव्होल्टेज २५००० राहिलेलं असतं आणि कॅबमधला व्होल्टमीटर वेड्यासारखा वागतो. ते १५०० करा. पण त्याने घाटातली ओढ बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो फक्त काट्याचा प्रश्न आहे.

उतारावर गाडी हाताबाहेर जात असेल तर

कटूम्बाहून खाली येताना ६१० टनांची गाडी रोखून धरायला सुमारे १६३ किलोन्यूटन लागतात. ताशी ४० ला हे १८०० किलोवॉट होतात. ४६ क्लासला रिजनरेटिव्ह ब्रेक होता, म्हणजे एवढी वीज तारेत परत जात असे. फाइलमध्ये डायनॅमिक ब्रेकची कमाल ओढ १०० किलोन्यूटन ठेवली असेल तर वेग वाढत जाणारच. १८० ते २०० पर्यंत न्या. त्याच वेळी कमी वेगाला तो गळून पडेल असं फेडिंगस्पीड किंवा वेगळा वक्र द्या. तारेत वीज ढकलायची तर मोटरींचा दाब तारेपेक्षा जास्त हवा, आणि तो रांगत्या वेगाला मिळत नाही. ताशी ५ ला पूर्ण रिजनरेटिव्ह ब्रेक लागणारं ४६ क्लास चुकीचं आहे. परत आलेली वीज घ्यायला तारेवर दुसरी गाडी हवी, हे सिम्युलेटर बघत नाही. म्हणून मी जड गाडीला हवेच्या ब्रेकची हलकी लावण आधीच देऊन ठेवतो आणि रिजनरेटिव्हवर एकट्यावर विसंबत नाही.

ट्रेन्झमध्ये

ट्रेन्झ हा दुसरा रेल्वे सिम्युलेटर मूळ ब्रिस्बेनच्या ऑरान कंपनीचा, त्यामुळे ऑस्ट्रेलियन इंजिनं तिथे भरपूर मिळतात. तिथे आधी कॅब मोडमध्ये आहात ना, ते बघा. डीसीसी मोडमध्ये डायल वेग मागतो, नॉच नाही. तिथे वरचं निदान करता येणार नाही. कॅब मोडमध्ये इंजिन स्पेकमधला थ्रॉटल-पॉवरचा तक्ता हाच या सगळ्याचा गाभा आहे. तो दुसऱ्या, बहुतेक वेळा डिझेलच्या, इंजिनावरून उचललेला असतो. तीन टप्प्यांचं वरचं तत्त्व तिथे जसंच्या तसं चालतं, फक्त नॉचप्रमाणे वाटून द्यावं लागतं.

व्हिक्टोरियाचं एल क्लास आणि सिडनीची उत्तर बाजू

सिडनीहून उत्तरेला गॉसफर्डपर्यंत वीज १९६० मध्ये पोचली. तिथे हॉक्सबरी नदीकडून कोवनकडे चढणारा ४०ला १ चा टप्पा या इंजिनाची दुसरी चांगली परीक्षा आहे. टनामागे ०.२४५ किलोन्यूटन. वरच्याच तक्त्यावर ६१० टनांना १६८ किलोन्यूटन पुरतात आणि वेग ताशी ५४ च्या आसपास यायला हवा. ब्लू माउंटन्सवर बरोबर आणि इथे चूक असं झालं तर दोष रूटमध्ये शोधा.

एल क्लासची तक्रार वेगळी दिसते. इंग्लिश इलेक्ट्रिकने १९५३-५४ मध्ये व्हिक्टोरियासाठी बांधलेली ही २५ इंजिनं २४०० अश्वशक्तीची, सहा ॲक्सलची, १५०० व्होल्टचीच. ती मेलबर्नहून ट्रॅरल्गनपर्यंतच्या गिप्सलँड मार्गावर धावली. तिथे ब्लू माउंटन्ससारखा घाट नाही. त्यामुळे ओढीची चूक लपून राहते आणि फक्त थोड्या थ्रॉटलवरचा सुसाटपणा दिसतो. वजन सुमारे १०० टन धरा. पाव हिस्सा म्हणजे २४५ किलोन्यूटन, आणि १७९० किलोवॉटला त्याने भागलं की पकडीची मर्यादा ताशी २६ लाच संपते. वरच्या तक्त्यातले वेग आणि ओढी या प्रमाणात कमी करून घ्या. व्हिक्टोरियाचा हा मार्ग १६०० मिलिमीटर रुंदीचा आहे. ओपन रेल्समध्ये ओआरटीएसट्रॅकगेजच्या ओळीत पाच फूट तीन इंच लिहायला विसरू नका, आणि ती ओळ इंजिनाबरोबर प्रत्येक डब्याच्या फाइलमध्येही हवी, कारण वळणांचा हिशोब डब्यागणिक होतो.